ब्लॅकफ्रायर्सचे खरेदीखत

विल्यम शेक्सपिअरने लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात घर घेतले त्या व्यवहाराची तारीख, किंमत, विकणाऱ्याचे नाव, साक्षीदार, घराच्या चतुःसीमा, राहिलेल्या पैशांची मुदत, सगळे आज सांगता येते. 'हॅम्लेट' त्याने कोणत्या महिन्यात लिहून पूर्ण केले, हे मात्र सांगता येत नाही. नाटक लिहायला साक्षीदार लागत नाहीत. घर घ्यायला लागतात.

या एका घराचे बरेच कागद शाबूत आहेत. खरेदीखताच्या दोन प्रती आहेत. एक लंडन शहराच्या अभिलेखागारात आहे, दुसरी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात. दुसऱ्या दिवशीचे गहाणखत ब्रिटिश लायब्ररीत आहे. चॅन्सरी न्यायालयाच्या दप्तरात खरेदीखताची नोंद आहे, शिवाय १६१५ च्या एका दाव्याचे कागद आहेत. त्यानंतर १६१६ चे मृत्युपत्र आणि १६१८ चा विश्वस्तांचा दस्त. हे कागद तारखेने लावून वाचले की कवीच्या मनाचा थांग लागत नाही, पण घराची मालकी एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, तिला किती वळणे असतात आणि प्रत्येक वळणावर कोणाच्या हक्काची धास्ती असते, हे स्पष्ट दिसते.

सुरुवात तारखेपासूनच करावी लागते. खरेदीखतावर १० मार्च १६१२ अशी तारीख आहे. पण त्या काळी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे नवे वर्ष लागायला अजून पंधरा दिवस होते, आणि आपल्या मोजणीने हा दस्त १० मार्च १६१३ चा ठरतो. दस्तात राजा पहिला जेम्स याच्या कारकिर्दीचे वर्षही दिलेले आहे, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही.

विकणारा हेन्री वॉकर. दस्तात त्याची ओळख 'लंडनचा नागरिक आणि वादक' अशी आहे. म्हणजे तो वादकांच्या व्यवसायसंघाचा सदस्य होता. हे घर वडिलोपार्जित नव्हते. ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतल्या मॅथ्यू बेकनकडून त्याने ते १५ ऑक्टोबर १६०४ रोजी १०० पौंडांना घेतले होते. साडेआठ वर्षांच्या आत त्याने ते १४० पौंडांना विकले. आधीच्या व्यवहाराचा उल्लेख नव्या खरेदीखतात आहे, कारण विकणाऱ्याकडे हक्क कुठून आला हे सांगितल्याशिवाय तो पुढे देता येत नाही. आजचा वकील मालकीची साखळी तपासतो म्हणजे हेच करतो. बेकन हे नाव लक्षात ठेवायचे, कारण दोन वर्षांनी ते न्यायालयात पुन्हा येते.

विकले काय, हे सांगणारा भाग दस्तात सगळ्यांत रंजक आहे. ब्लॅकफ्रायर्स हा मुळात डॉमिनिकन भिक्षूंचा मठ. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ मध्ये, तो बरखास्त झाला आणि पुढे त्याच्या इमारती तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या. हे घर त्यातलेच. दस्तानुसार ते पडल व्हार्फकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून, राजाच्या वॉर्डरोबच्या, म्हणजे राजघराण्याच्या कपडेभांडाराच्या, अगदी समोर होते. घराचा काही भाग एका मोठ्या वेशीवर बांधलेला होता. ती वेस आतल्या एका मोठ्या वाड्याकडे जात असे, आणि तो वाडा पूर्वी कोणाकडे व नंतर कोणाकडे होता हेही नावांनिशी दिले आहे. घराच्या पश्चिमेला मोकळ्या जागेचा एक तुकडा. तो अॅन बेकन नावाच्या विधवेने दोन बाजूंनी फळ्या ठोकून बंदिस्त केला होता, तिसऱ्या बाजूला जुनी विटांची भिंत होती. तिने जेवढी जागा बंदिस्त केली तेवढीच विकली, त्याहून जास्त नाही, अशी पुस्ती दस्तात आहे. वेशीतून आणि अंगणातून घराच्या दारापर्यंत येण्याजाण्याचा हक्क वेगळा लिहिला आहे. ज्या जमिनीवर घर उभे आहे तिचाही वेगळा उल्लेख आहे.

ही पाल्हाळिक भाषा वकिलाची हौस नव्हे. नकाशा नाही, गट क्रमांक नाही, सिटी सर्व्हे नाही. अशा शहरात जागा ओळखायची ती शेजारच्या भिंतीवरून, समोरच्या इमारतीवरून आणि आधी तिथे राहिलेल्या माणसांच्या नावांवरून. म्हणूनच दस्तात भाडेकरूंची यादी येते. ती विल्यम आयर्लंड या नावापाशी संपते, घर सध्या किंवा अलीकडेपर्यंत त्याच्या वहिवाटीत होते. ब्लॅकफ्रायर्समधली एक गल्ली आजही आयर्लंड यार्ड म्हणून ओळखली जाते. मालकाचे नाव त्या भागाला चिकटले नाही, भाडेकरूचे चिकटले.

आता पैसे. खरेदीखत म्हणते की १४० पौंडांची पूर्ण रक्कम शेक्सपिअरने दस्तावर शिक्का होण्याआधीच वॉकरच्या हातात दिली. एवढाच कागद उरला असता तर आपण तेच खरे मानले असते. पण ११ मार्चचे गहाणखतही उरले आहे. त्यानुसार खरेदीदारांनी तेच घर वॉकरला १०० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. भाडे नावापुरते, मिऱ्याचा एक दाणा. आणि अट अशी की २९ सप्टेंबर १६१३ रोजी, मायकेलमासच्या दिवशी, वॉकरला ६० पौंड मिळाले की हा भाडेपट्टा रद्द. दोन्ही कागद शेजारी ठेवले की व्यवहार उलगडतो. हातात ८० पौंड पडले, ६० बाकी राहिले, आणि त्या बाकीसाठी विकणाऱ्याने विकलेले घरच तारण ठेवून घेतले. आपल्याकडच्या जुन्या मुदतखरेदीतही हीच युक्ती असे. वरकरणी कागद विक्रीचा, आतून व्यवहार कर्जाचा.

इथे दस्तऐवजांचे वाचन सावधपणे करायला हवे. 'रक्कम पोचली' हे खरेदीखतातले वाक्य खोटे नाही, ते ठरावीक साच्यातले आहे. दस्तात मोबदल्याची पोच लिहिण्याची रीत होती, म्हणून ती पोच लिहायची आणि बाकीची काळजी दुसऱ्या कागदावर घ्यायची. आजही खरेदीखतात भरणा झाल्याचे लिहून, उरलेल्या रकमेसाठी पुढच्या तारखांचे धनादेश दिलेले असतात. नुसते खरेदीखत वाचून कोणाच्या हातात किती पैसे पडले हे सांगणारा चारशे वर्षांपूर्वीही चुकला असता.

त्या सप्टेंबरच्या मुदतीआधी, २९ जूनला, ग्लोब नाट्यगृह जळाले. प्रयोगात तोफेचा बार काढला आणि त्याची ठिणगी छपराच्या गवतावर पडली. शेक्सपिअरच्या मंडळींवर नवे नाट्यगृह उभारण्याचा खर्च आला. त्यामुळे ६० पौंडांची परतफेड अडली का, यावर कागद गप्प आहेत. वॉकरने पैसे मिळाल्याची पोच दिल्याचे दिसत नाही, आणि घर ताब्यात घेतल्याचेही दिसत नाही. तर्काने इथेच थांबावे.

खरेदीदार एक नव्हता, चार होते. स्ट्रॅटफर्डचा विल्यम शेक्सपिअर, लंडनचा मद्यव्यापारी विल्यम जॉन्सन, जॉन जॅक्सन आणि जॉन हेमिंग्ज. जॉन्सन हा मरमेड मद्यगृहाचा चालक. हेमिंग्ज हा शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतला सहकारी. याच हेमिंग्जने पुढे १६२३ मध्ये हेन्री कॉन्डेलबरोबर शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह छापून आणला. पण दस्तातल्याच शब्दांनुसार पैसे एकट्या शेक्सपिअरने दिले. मग पैसे एकाचे आणि घर चौघांच्या नावावर, असे का?

एक उत्तर कायद्यातच आहे. त्या काळच्या इंग्लिश कायद्याने नवऱ्याच्या एकट्याच्या मालकीच्या स्थावरातल्या एक तृतीयांशाचा उपभोग त्याच्या विधवेला हयातभर मिळत असे. नवऱ्याला मृत्युपत्राने हा हक्क काढून घेता येत नसे. मात्र घर इतरांसह संयुक्त नावावर असेल आणि ते मागे जिवंत असतील, तर विधवेचा हा हक्क लागू होत नसे. म्हणून अनेक अभ्यासकांनी असा अर्थ लावला की शेक्सपिअरला आपली बायको अॅन हिला या घरातून वगळायचे होते. हा अर्थ शक्य आहे, पण सिद्ध नाही. संयुक्त नावे घेण्याची इतरही कारणे असत. मालक गावी असला की लंडनमधली घरपट्टी, भाडे, दावे सांभाळायला माणसे लागत, आणि विधवेचा हक्क लागणार नाही अशी मालमत्ता पुढे विकायला सोपी जात असे. दस्तात हेतू लिहिलेला नाही. दस्त परिणाम सांगतो, आणि परिणाम निश्चित आहे. अॅनचा या घरावर हक्क बसला नाही.

कागदाची घडणही वाचण्यासारखी आहे. मजकूर एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी कापत. पुढे वाद झालाच तर दोन तुकड्यांच्या कडा जुळवून खरेपणा पाहता येई. एक प्रत खरेदीदारांची, त्यावर विकणाऱ्याची सही. दुसरी विकणाऱ्याची, त्यावर खरेदीदारांची. फोल्जरच्या प्रतीवर वॉकरची सही आहे, लंडनच्या प्रतीवर शेक्सपिअर, जॉन्सन आणि जॅक्सनची. हेमिंग्जची सही तिथे नाही. सह्या खाली लोंबणाऱ्या चर्मपत्राच्या अरुंद पट्ट्यांवर केल्या आहेत, त्याच पट्ट्यांना लाखेचे शिक्के जोडलेले आहेत. पट्टीत मावावे म्हणून शेक्सपिअरने आडनाव आखडून लिहिले. निर्विवादपणे त्याच्या हाताच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सहा सह्यांपैकी दोन या व्यवहाराच्या आहेत, एक खरेदीखतावर आणि एक गहाणखतावर. शिक्क्यावर मात्र त्याची खूण नाही, 'एच. एल.' ही अक्षरे आहेत. दस्तलेखक रॉबर्ट अँड्र्यूजचा नोकर हेन्री लॉरेन्स साक्षीदार म्हणून हजर होता, शिक्का त्याचाच. स्वतःचा शिक्का जवळ नसला तर हाताशी असलेला वापरायचा, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले दोन साक्षीदार विल्यम अॅटकिन्सन आणि एडवर्ड ओव्हरी. लेखक आणि त्याचा नोकर धरून चार.

याच सह्यांनी पुढे एका बनावटीला हात दिला. गहाणखत १७६८ मध्ये उजेडात आले आणि त्यावरच्या सहीची प्रतिकृती छापली गेली. १७९० च्या दशकात विल्यम हेन्री आयर्लंड या तरुणाने ती गिरवून शेक्सपिअरच्या नावाचे दस्त तयार केले. लंडनमधले भलेभले फसले. १७९६ मध्ये अभ्यासक एडमंड मलोनने त्यांची लबाडी उघड केली. खोटा कागद करणाऱ्याने सुरुवात केली ती जमीनजुमल्याच्या दस्तापासून, कारण नमुना म्हणून हाताशी तोच होता.

नुसता शिक्का मारून मालकी जात नव्हती. जुन्या रिवाजात विकणारा आणि घेणारा जागेवर जात, साक्षीदारांसमोर मातीचे ढेकूळ किंवा फांदी हातात दिली की कब्जा गेला असे मानत. १५३६ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. त्यांतल्या एकामुळे जागेवर न जाताही दस्ताने मालकी जाऊ लागली. तसे झाले तर जमिनी गुपचूप विकल्या जातील, म्हणून दुसऱ्या कायद्याने अट घातली की दस्त लेखी, शिक्क्याचा हवा आणि सहा महिन्यांच्या आत न्यायालयाच्या नोंदपटात चढवायला हवा. वॉकर आणि शेक्सपिअरचा दस्त चॅन्सरीत चढवला गेला. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी असे ठरवले. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने दस्त हजर करण्याची मुदत चार महिने ठेवली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली रांग त्या जुन्या गुप्ततेच्या भीतीतूनच निघालेली आहे.

मागाहून कोणी दावेदार उभा राहील या भीतीची चव शेक्सपिअरला आधीच मिळालेली होती. १५९७ मध्ये त्याने स्ट्रॅटफर्डमधले न्यू प्लेस हे घर विल्यम अंडरहिलकडून घेतले. तो व्यवहार आणखी जुन्या पद्धतीने झाला होता. घेणारा न्यायालयात लुटुपुटीचा दावा लावी, देणारा हक्क कबूल करी, आणि तो तडजोडीचा हुकूम म्हणजेच मालकीचा पुरावा. हुकुमात किंमत ६० पौंड लिहिली आहे, पण असे आकडे साच्याने घातले जात, ती खरी किंमत धरता येत नाही. दोन महिन्यांनी अंडरहिल मेला. मुलगा फुल्क याने त्याला विष घातले होते. फुल्कला फाशी झाली आणि त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. मग विक्री टिकते का? धाकटा मुलगा हर्क्युलिस वयात आल्यावर, १६०२ मध्ये, शेक्सपिअरने त्याच्याबरोबर तोच लुटुपुटीचा दावा पुन्हा करून घेतला आणि त्याची फी पुन्हा भरली. एकदा घेतलेल्या घरासाठी हा दुसरा कागद त्याला करावा लागला, कारण पहिल्या कागदावर सही करणाऱ्याचा वारस उभा राहू शकत होता.

ब्लॅकफ्रायर्सच्या घरातही कोणीतरी उभे राहण्यासारखे होते. मठातली आजूबाजूची बरीच जागा एकेकाळी बेकन कुटुंबाकडे एकत्र होती. नंतर तिचे तुकडे अनेकांना विकले गेले, पण मूळ कागदांचा गठ्ठा एकच होता आणि तो अॅन बेकनपाशी होता. ती वारल्यावर तो मुलगा मॅथ्यूच्या हाती गेला. घरे आपली, पण मुळाचे कागद दुसऱ्याच्या पेटीत, अशी सगळ्या मालकांची गत झाली. २६ एप्रिल १६१५ रोजी सर टॉमस बेंडिश आणि इतरांनी चॅन्सरीत मॅथ्यू बेकनविरुद्ध दावा केला. फिर्यादींत शेक्सपिअरचे नाव आहे. ५ मेला बेकनचा जबाब आला. काही कागद आपल्याकडे आहेत, ते कोणाचे हे ठरवणे आपल्या हातात नाही, न्यायालय सांगेल तसे करू. २२ मेला हुकूम झाला की कागद न्यायालयात आणावेत. महिनाभरात निकाल. भांडणाचा सूर कुठे नाही. हा दावा लढण्यासाठी नव्हता, हुकूम मिळवण्यासाठी होता. बेकनला कागद देऊन टाकायचे होते, पण चुकीच्या माणसाला दिले असा ठपका नको होता. हे कागद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधक चार्ल्स वॉलेसने दप्तरातून शोधून काढले.

मोठी जागा तुकड्यांत विकल्यावर मूळ कागद कोणाकडे राहायचे, हा प्रश्न आजही तसाच आहे. आपल्या १८८२ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमात त्याची तरतूद आहे. काही जागा विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवली तर कागद त्याच्याकडे, सगळी जागा अनेकांना गेली तर सर्वांत मोलाचा तुकडा घेणाऱ्याकडे. ज्याच्याकडे कागद असतील त्याने इतरांना मागणीप्रमाणे दाखवायचे आणि नकला द्यायच्या. सदनिकाधारकाच्या फायलीत जमिनीच्या मूळ खरेदीखताऐवजी त्याची नक्कल असते त्यामागे हेच आहे.

२५ मार्च १६१६ च्या मृत्युपत्रात शेक्सपिअरने हे घर थोरली मुलगी सुझॅना हॉल हिला दिले. 'वॉर्डरोबजवळ, जिथे जॉन रॉबिन्सन राहतो ते' असा त्याचा उल्लेख आहे. म्हणजे भाडेकरू बदलला होता. मालक तिथे राहिल्याचा एकही कागद नाही. महिन्याभरात, २३ एप्रिलला, शेक्सपिअर वारला. पण मृत्युपत्राने घर सुझॅनाच्या हाती जात नव्हते. संयुक्त मालकीत एकजण गेला की हक्क उरलेल्यांकडे जातो. कायद्याच्या नजरेत घर आता जॉन्सन, जॅक्सन आणि हेमिंग्ज यांचे होते. अॅनला दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेने आता मुलीलाही दूर ठेवले असते, तिघांनी ठरवले असते तर. त्यांनी तसे केले नाही. १० फेब्रुवारी १६१८ रोजी त्यांनी घर क्लेमेंट्स इनचा जॉन ग्रीन आणि स्ट्रॅटफर्डचा मॅथ्यू मॉरिस यांच्या नावे लिहून दिले, आणि दस्तात कारण नमूद केले की मृत शेक्सपिअरने आपल्यावर टाकलेला विश्वास पार पाडण्यासाठी आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार सुझॅनाला घर मिळावे म्हणून आपण हे करीत आहोत. पहिल्या दस्तातले चौघांच्या नावांमागचे नाते या शेवटच्या दस्ताने शब्दांत सांगितले.

१० मार्च १६१३ ते १० फेब्रुवारी १६१८, पाच वर्षांना एक महिना कमी. पैशांची सोय दोन दिवसांत लागली. मालकीची लागायला एवढा काळ गेला. या काळातला प्रत्येक कागद एखाद्या माणसासाठी केलेला आहे, जो उद्या येऊन 'हे माझे' म्हणू शकला असता. वॉकरला त्याच्या बाकीसाठी, बेकनला त्याच्या गठ्ठ्यासाठी, तिघा विश्वस्तांना त्यांच्या नावांसाठी कागदावर आणले गेले. विधवेला नावे जोडून आधीच दूर ठेवले गेले. आज महाराष्ट्रात जुने घर घेणारा तीस वर्षांचा शोध अहवाल काढतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, बहिणींची हक्कसोडपत्रे मागतो, बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेतो, सोसायटीचे ना-हरकत पत्र फायलीत लावतो. त्याला हा सगळा कागदी घोळ वाटतो. पण त्या फायलीतला एकेक कागद एकेका दावेदाराचे तोंड आधीच बंद करतो, आणि जो राहून जातो तोच कधीतरी न्यायालयात उभा राहतो.